कोणाचा हात अडतोय? आवाजावर चालणाऱ्या उपकरणांबद्दल वाचकांची पत्रं

गेल्या काही अंकांपासून एकाच विषयावरची पत्रं साठत गेली आहेत: बोलून चालणारे दिवे, पंखे, स्पीकर, वॉशिंग मशीन. यांचा खरोखर उपयोग होतो का, की हौसेनं घ्यायचं आणि महिन्याभरात विसरायचं? घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत माझं बहुतेक आयुष्य गेलं. उपकरण उघडून पाहिल्याशिवाय माझं मत बनत नाही, आणि ते ज्या घरात लागलंय तिथली माणसं पाहिल्याशिवाय तर नाहीच नाही. म्हणून मोजकीच पत्रं घेतली आहेत आणि जिथे गरज वाटली तिथे उत्तर लांबू दिलं आहे. नावं गाळली आहेत.

"ताई, माझ्या आईला संधिवात आहे. बोटं वाकली आहेत, बटण दाबताना कळ येते. रात्री उठली की अंधारात चाचपडते. भाऊ म्हणतो, सगळं घर व्हॉइसवर करून टाकू. मला वाटतं, आईला ते जमणार नाही, उलट तिच्या डोक्याला ताप होईल. काय करावं?"

तुमच्या घरात याचा उपयोग आहे, हे मी अगदी ठामपणे सांगते. मात्र 'सगळं घर' नको.

आधी एक दिवस आईकडे नीट लक्ष द्या. तिचा हात नेमका कुठे अडतो? पलंगाजवळच्या दिव्याचं बटण गाठताना? पंखा कमी-जास्त करताना? फोनवर नाव शोधताना? अशा दोन-तीनच जागा निघतील. तेवढ्याच आवाजावर आणा. बाकीच्या खोल्या आहेत तशा राहू द्या. ज्या कामात तिला त्रासच होत नाही, ते बोलून करायला शिकवणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम लादणं आहे.

आता दिव्याबद्दल. बहुतेक लोक सरळ स्मार्ट बल्ब आणतात आणि भांडणं सुरू होतात. स्मार्ट बल्बला आपली हाक ऐकायला सतत वीज लागते. घरातल्या कोणी सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं, की तो बल्ब मुका होतो. आई अंधारात हाका मारत बसते आणि दिवा लागत नाही. मग घरात फर्मान निघतं की बटणाला कोणी हात लावायचा नाही, बटणावर चिकटपट्टी लागते, आणि आलेला पाहुणा अंधारात उभा राहतो. त्यापेक्षा स्विचबोर्डच्या आत, बटणामागे बसणारं छोटं स्मार्ट मॉड्यूल घ्या. बल्ब साधाच राहतो, भिंतीवरचं बटण पूर्वीसारखं चालतं आणि हाकही चालते. यासाठी बोर्डात न्यूट्रलची (वीज परत नेणारी) तार आहे का, हे वायरमनकडून आधी पाहून घ्या. जुन्या घरांत बऱ्याचदा बोर्डापर्यंत फक्त फेजच (वीज आणणारी तार) आणलेली असते. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलंही मिळतात, पण त्यांच्यावर कमी वॉटचा एलईडी दिवा बंद केल्यावरही मंद लुकलुकत राहण्याची तक्रार असते.

रात्रीच्या अंधाराचा प्रश्न मात्र आवाजानं सोडवू नका. झोपेतून उठलेल्या माणसाला नेमका शब्द आठवून बोलायला लावायचं, शेजारी झोपलेल्याला उठवायचं, हे कशासाठी? पलंगाखाली आणि बाथरूमच्या वाटेवर हालचाल ओळखून लागणारे छोटे दिवे लावा. पाय खाली टेकला की उजेड. तिथे इंटरनेट नको, हाक ऐकणारा स्पीकर नको. आवाजापेक्षा साधी गोष्ट जिथे काम भागवते, तिथे साधीच गोष्ट घ्यायची, हे मी प्रत्येकाला सांगते.

पंख्याबाबत एक सांगून ठेवते. साधं मॉड्यूल पंखा चालू-बंद करेल, वेग बदलणार नाही. वेगही हवा असेल तर पंख्यासाठीच बनवलेलं मॉड्यूल लागतं, आणि जुना रेग्युलेटर त्या जोडणीतून काढावा लागतो. दोन्ही एका ओळीत ठेवले की पंखा गुणगुणतो आणि मॉड्यूल लवकर जातं. असे बरेच पंखे मी दुरुस्तीला आलेले पाहिले. पंख्यात काही बिघाड नसायचा.

आईला जमेल का? जमेल, नावं नीट ठेवली तर. 'बेडरूम लाइट वन' आणि 'बेडरूम लाइट टू' असली नावं ठेवू नका. ती रोज दिव्याला जे म्हणते तेच नाव द्या, आणि दोन नावांचा उच्चार एकमेकांपासून पुरेसा वेगळा असू द्या. भाषेचा विचारही आधीच करा. अलेक्साला, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या स्पीकरमधून आपल्याशी बोलणाऱ्या यंत्रणेला, २०१९ मध्ये हिंदी आली. गूगलची तशीच यंत्रणा म्हणजे गूगल असिस्टंट; तिला फोनवर मराठी २०१८ मध्ये आली. पण फोनवर एखादी भाषा चालते म्हणून त्याच कंपनीच्या स्पीकरवरही ती चालेलच असं नाही. दुकानात आईला बरोबर घेऊन जा, तिला तिच्या पद्धतीनं बोलू द्या, आणि यंत्राला कळतंय का ते तिथेच पाहा. तुम्ही बोलून पाहण्याचा काही उपयोग नाही. २०२० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी शंभरातले १९ शब्द चुकले, तर कृष्णवर्णीय लोकांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, इंग्रजी. तरी एवढा फरक. कोणाचा आवाज यंत्राच्या कानाला सरावाचा आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि कृपा करून स्पीकरला आईचा रक्षक समजू नका. पडल्यावर माणसाचा आवाज खोल जातो, बाथरूमचं दार बंद असतं, नळ चालू असतो. बहुतेक स्पीकर आपत्कालीन क्रमांकाला थेट फोन लावत नाहीत, ठरवून दिलेल्या नातेवाइकाला लावतात. त्यासाठी गळ्यात किंवा मनगटावर घालायचं, दाबून मदत मागायचं बटण वेगळं घ्या. संधिवाताच्या बोटांना दाबता येईल एवढं मोठं बटण असलेलं.

"माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो म्हणून आम्ही स्मार्ट स्पीकर आणला. पण तो माझं ऐकतो, माझ्या मुलीचं ऐकतो, बाबांचंच ऐकत नाही. ते आता त्याच्याशी बोलायचेच बंद झालेत. दुसरा चांगला स्पीकर सुचवाल का?"

तुमचं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. माझ्या थोरल्या बहिणीलाही हाच आजार होता, त्यामुळे ते गप्प होणं मी जवळून पाहिलं आहे.

पार्किन्सन्समध्ये हाताइतकाच आवाजावरही परिणाम होतो. आवाज बारीक होतो, एकसुरी होतो, शब्द एकमेकांत मिसळतात, मध्येच थांबा येतो. गंमत म्हणजे, बोलणाऱ्याला स्वतःला आपण नेहमीच्याच आवाजात बोलतोय असं वाटत असतं. स्पीकरची रचना याच्या नेमकी उलट आहे. जरा शांतता पडली की बोलणं संपलं असं तो धरतो आणि अर्ध्या वाक्यावर 'समजलं नाही' म्हणतो. ज्याच्यासाठी आणला त्याच माणसाला तो दिवसातून अनेकदा सांगतो की तुमचं बोलणं कळत नाही. हे फार लागतं. तुमचे बाबा हट्टी नाहीत, त्यांचा अपमान झालाय.

नवा स्पीकर आणण्याआधी हे करून पाहा. स्पीकर त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, तोंडाच्या उंचीवर आणा. पंख्याच्या झोतात, टीव्हीशेजारी किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका. सेटिंगमध्ये बोलणाऱ्याला जास्त वेळ देण्याची सोय असेल तर ती चालू करा. अलेक्सात ती आहे. लांब वाक्यांऐवजी दोन शब्दांच्या आज्ञा बनवा. 'झोपतो आता' म्हटलं की दिवा बंद, पंखा मंद आणि दारावरचा दिवा चालू, एवढं सगळं एका आज्ञेत बांधता येतं. शब्द तुम्ही ठरवू नका. बाबांना कोणते शब्द अजून स्पष्ट म्हणता येतात ते ऐका आणि तेच घ्या.

एवढं करूनही नाही जमलं, तर आवाजाचा हट्ट सोडा. त्याच दिव्या-पंख्यांना जोडता येणारी बिनतारी बटणं मिळतात, तळहाताएवढी. खुर्चीच्या हातावर चिकटवायची आणि थरथरत्या मुठीनं दाबायची. बहिणीकडे शेवटी आम्ही तेच केलं. आवाजाचा स्पीकर तिथेच राहिला, पण तो तिची नातवंडं वापरत. ती तिच्या बटणावर दिवे लावायची आणि तेवढ्यापुरतं तिला कोणाची मिनतवारी करावी लागत नव्हती. बटण जुनं आणि आवाज नवा, म्हणून बटणाला कमी लेखू नका.

गूगलनं २०१९ मध्ये प्रोजेक्ट युफोनिया जाहीर केला. अडखळत किंवा अस्पष्ट बोलणाऱ्यांच्या आवाजाचे नमुने गोळा करून यंत्राला ते बोलणं शिकवायचं, हा त्याचा हेतू. ही दिशा मला मनापासून पटते. हे तंत्रज्ञान ज्यांना सगळ्यात जास्त हवं आहे, त्यांच्या आवाजापासून त्याची घडण सुरू व्हायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर बाबांसाठी वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना जरूर भेटा. मोठ्यानं बोलण्याचे खास व्यायाम या आजारासाठी आहेत. त्यांचा फायदा स्पीकरपुरता राहत नाही, माणसांशी बोलायलाही होतो.

"आम्ही दोघंच, दोघंही नोकरीला. नवीन घरात वॉशिंग मशीन, गीझर, ओव्हन, इस्त्रीचा प्लग सगळं व्हॉइस कंट्रोलचं घ्यावं का?"

वॉशिंग मशीन आवाजानं सुरू होतं, पण कपडे टाकायला तुम्हालाच जावं लागतं, आणि तिथे गेलात की बटण बोटाखालीच असतं. उपयोग आहे तो उलट्या बाजूचा: धुणं संपल्याची सूचना फोनवर येते आणि ओले कपडे तासन् तास आत कुबट होत नाहीत. त्याला आवाज लागत नाही. ओव्हनचंही तसंच, पीठ लागलेल्या हातांनी टायमर लावायला बोलणं उत्तम, पण तो टायमर तुमचा फोनही लावतो.

इस्त्रीला नाही. ज्या उपकरणाची तार तापते आणि जे चालू असताना समोर माणूस हवा, ते लांबून किंवा बोलून कधीही चालू करू नका. गीझरसाठी स्मार्ट प्लग घेत असाल तर त्याच्यावरचा अँपिअरचा आकडा वाचा. १० अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर २३०० वॉटपर्यंतच पेलतो. ३००० वॉटचा गीझर १३ अँपिअर ओढतो. असा प्लग आतून वितळतो. मी उघडून पाहिलेल्या जळक्या स्मार्ट प्लगांच्या मागे जवळजवळ नेहमी गीझर, हीटर नाहीतर एसी असायचा.

दोघांचेही हातपाय धड असताना घरभर हे बसवण्याची गरज मला दिसत नाही. हौस असेल तर एका खोलीपुरती करा.

"हे यंत्र दिवसभर आपलं बोलणं ऐकत असतं का? नवरा म्हणतो, लपवण्यासारखं आपल्याकडे आहे काय?"

ऐकतं, पण सगळं पाठवत नाही. आतली छोटी चिप सतत एकच शब्द शोधत असते, तिला जागं करण्यासाठी ठरवलेला. तोवरचा आवाज काही क्षणांपुरता आत राहतो आणि पुसला जातो. तो शब्द सापडला की पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे दूरच्या संगणकाकडे जातं. अडचण अशी की त्या शब्दासारखं काही ऐकू आलं तरी यंत्र जागं होतं, आणि मग तुमच्या घरातलं खासगी बोलणं पुढे जातं. २०१७ मध्ये बर्गर किंगनं तर मुद्दाम अशी टीव्ही जाहिरात केली होती, जिच्यातलं वाक्य ऐकून लोकांच्या घरातले गूगलचे स्पीकर जागे व्हावेत.

पुढे गेलेलं बोलणं माणसं ऐकतात का? २०१९ मध्ये बातम्यांतून उघड झालं की अ‍ॅमेझॉन, गूगल आणि अ‍ॅपल, तिघांकडेही काही ध्वनिमुद्रणं सुधारणेसाठी कर्मचारी किंवा कंत्राटदार ऐकत होते. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाची मुद्रणं ठेवून घेतल्याच्या प्रकरणात अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. आणि मार्च २०२५ मध्ये 'एको' या अ‍ॅमेझॉनच्या स्पीकरपैकी काही मोजक्यांवर असलेली 'मुद्रण बाहेर पाठवू नका' ही सोयही कंपनीनं काढून घेतली. विकत घेताना असलेली सोय नंतर काढून घेता येते, हे मला यातलं सगळ्यात गंभीर वाटतं.

तुमच्या यजमानांना सांगा, प्रश्न लपवण्याचा नाही. तुमच्या घरात येणारी माणसं, कामाला येणाऱ्या बाई, मुलीच्या मैत्रिणी, आजारपणाचं बोलायला आलेली बहीण, यांना कोणी विचारलंय? स्पीकर आहे हे येणाऱ्याला सांगायला हवं. माणूस काही मनातलं बोलायला बसला, तर माइक बंद करायचं बटण दाबायचं. ते जवळपास प्रत्येक स्पीकरवर असतं. झोपायच्या खोलीत अपंगत्वाची किंवा आजारपणाची गरज नसेल तर स्पीकर नको. अ‍ॅपमध्ये जाऊन जुनी मुद्रणं आपोआप पुसली जातील असं ठरवा, आणि बोलून खरेदी होण्याची सोय बंद करा.

दाराचं कुलूप आवाजावर ठेवू नका, ठेवलंच तर पिन क्रमांकाशिवाय नको. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या आणि टोकियोतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की लेझरचा झोत काचेतून स्पीकरच्या माइकवर पाडला, तर एक शब्दही न बोलता त्याला आज्ञा देता येते. असा चोर तुमच्या दारात येईल असं नाही, पण स्पीकर खिडकीत ठेवायचा नाही एवढं तरी त्यातून घ्या.

"इंटरनेट गेलं तर काय? आणि कंपनीच बंद पडली तर?"

दोन्ही घडून गेलेलं आहे. ७ डिसेंबर २०२१ रोजी अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला, तेव्हा अनेकांच्या घरातली अलेक्सा, दारावरचे रिंगचे कॅमेरे आणि झाडू मारणारे रोबोही अडले. कंपनीचं म्हणाल, तर २०१६ मध्ये स्मार्ट उपकरणं बनवणाऱ्या नेस्ट कंपनीनं आपल्या ताब्यातल्या रिव्हॉल्व्ह कंपनीची घर चालवणारी पेटी कायमची बंद केली. पेटी धडधाकट होती, तिच्यामागचा सर्व्हर बंद झाला. एप्रिल २०२२ मध्ये स्मार्ट दिवे-स्विच बनवणाऱ्या इनस्टिऑन कंपनीचे सर्व्हर कुठलीही सूचना न देता बंद पडले. पुढे वापरणाऱ्यांपैकी काहींनी एकत्र येऊन ते पुन्हा सुरू केले, ही त्यांची जिद्द. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला याचा जास्त त्रास होतो. मोटर जळली तर मी गुंडाळून देईन, पण बंद झालेला सर्व्हर कोणत्या पान्यानं उघडायचा?

म्हणून दुकानात तीन प्रश्न विचारा. एक, इंटरनेट नसताना हे उपकरण घरातल्या घरात चालतं का? दोन, हे मॅटर प्रमाणावर चालतं का? २०२२ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून आणलेलं हे सामायिक प्रमाण आहे. ते पाळणारी वस्तू एका कंपनीच्या अ‍ॅपला बांधलेली राहत नाही आणि घरातल्या जाळ्यावरूनच बोलू शकते. तीन, सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळतील? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून हा कालावधी ग्राहकाला सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि सगळ्या नगांना एकच ठरलेला पासवर्ड देऊन वस्तू विकायलाही मनाई आहे. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर खोक्यावर पाहा, तिथेही नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

आणखी एक: वीज जाऊन परत आली की काही स्मार्ट दिवे आपोआप पूर्ण उजेडात लागतात. मध्यरात्री सगळं घर उठतं. अ‍ॅपमध्ये 'वीज परत आल्यावर' असा पर्याय असतो; तिथे 'पूर्वीच्या स्थितीत' निवडा.

"यानं विजेचं बिल कमी होतं, असं विक्रेता म्हणाला. खरं का?"

हिशोब करून पाहू. स्मार्ट बल्ब बंद असतानाही हाकेसाठी थोडी वीज खातो. अर्धा वॉट धरा, वर्षाला साधारण ४.४ युनिट होतात. स्पीकर नुसता बसून दोन वॉट घेत असेल तर वर्षाला साडेसतरा युनिट. उलट ९ वॉटचा एलईडी दिवा रोज दोन तास विनाकारण चालू राहिला, तर वर्षाला साडेसहा युनिट जातात. म्हणजे एका दिव्यासाठी स्पीकर घेतला तर बिल कमी होणार नाही, थोडं वाढेलच.

बचत होते ती मोठ्या उपकरणात. १५०० वॉट ओढणारा एसी रोज तासभर उगाच चालत असेल तर दिवसाला दीड युनिट वाया जातं. बाहेर पडल्यावर तो बंद करता आला तर फरक दिसेल. पण एसी जर रिमोटची नक्कल करणाऱ्या छोट्या डबीनं चालवत असाल, तर ती डबी फक्त इशारा पाठवते. एसी बंद झाला की नाही हे तिला कळत नाही. मध्ये पडदा आला, इशारा चुकला, तरी फोनवर 'बंद' दिसतं. एसीच्या तारेवर वीज मोजणारा, पुरेशा अँपिअरचा स्विच बसवला असेल तर खरी गोष्ट कळते. तो स्विच स्वतः जोडू नका, वायरमनकडून जोडून घ्या, आणि काम चालू असताना मेन बंद आहे ना, हे स्वतः जाऊन पाहा.